गाठ कुठवर काढायची : पियुषिकेजवळच्या एका ट्यूमरचे प्रकरण

ठाण्यातील परिवहन सेवेत १९ वर्षे बस चालवणारे ४६ वर्षांचे एक गृहस्थ ग्रंथीविकारांच्या माझ्या बाह्यरुग्ण विभागात आले. रक्तातील प्रोलॅक्टिन हे पिट्युटरी ग्रंथीचे हार्मोन औषधाने पूर्ण उतरले, तरी नजर का सुधारत नाही, एवढाच प्रश्न त्यांना विचारायचा होता. रुग्णाची ओळख पटू नये म्हणून या लेखातील काही वैयक्तिक तपशील बदलले आहेत. वैद्यकीय क्रम मात्र आहे तसाच ठेवला आहे.

मागील आठ महिन्यांत त्यांनी दोनदा चष्मा बदलला होता. घोडबंदर रस्त्यावर उभ्या रिक्षांना त्यांच्या बसचा आरसा तीन वेळा घासला, तेव्हा आगारातील वरिष्ठांनी त्यांना तपासणीसाठी पाठवले. मेंदूच्या एमआरआयमध्ये पियुषिकेच्या म्हणजे पिट्युटरी ग्रंथीच्या जागी गाठ दिसली. प्रोलॅक्टिन ६४ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर, म्हणजे सामान्यापेक्षा जास्त आले, आणि त्या दोन कागदांच्या बेरजेतून ‘प्रोलॅक्टिनोमा’, म्हणजे प्रोलॅक्टिन बनवणारी गाठ, असे निदान होऊन ते उतरवणारे कॅबरगोलिन हे औषध सुरू झाले. दोन महिन्यांत प्रोलॅक्टिन ४ वर आले. अहवाल पाहून घरचे निर्धास्त झाले, पण त्याच दोन महिन्यांत त्यांना वर्तमानपत्राच्या ओळीचा शेवट दिसेनासा झाला.

येथे झालेली चूक सर्वत्र होते, म्हणून ती नीट सांगायला हवी. प्रोलॅक्टिन बनवणाऱ्या पेशींवर मेंदूकडून येणाऱ्या डोपामिनचा सतत लगाम असतो आणि हे डोपामिन पियुषिकेच्या देठातून खाली उतरते. देठ कोणत्याही गाठीने दाबला गेला, की लगाम सुटतो आणि गाठ प्रोलॅक्टिनची नसली तरी प्रोलॅक्टिन माफक वाढते. खरा प्रोलॅक्टिनोमा जवळजवळ तीन सेंटिमीटरचा असेल, तर प्रोलॅक्टिन सहसा शेकड्यांत किंवा हजारांत असते. अतिशय जास्त प्रोलॅक्टिन यंत्राला फसवून खोटे कमी दिसण्याचा ‘हुक इफेक्ट’ म्हणून एक प्रकार असतो, पण नमुना विरळ करून पुन्हा मोजला की तो उघड होतो. आमच्याकडे पहिला जपून ठेवलेला नमुना नव्हता, तेव्हा ही शंका पूर्ण फिटली नाही. परंतु औषधाने आकडा शून्याकडे गेला आणि गाठ मात्र तसूभरही आकसली नाही, यातच बहुतेक उत्तर होते. कॅबरगोलिन देठाच्या दाबाने वाढलेले प्रोलॅक्टिनही उतरवते. आकडा सुधारला होता; रुग्ण सुधारला नव्हता.

त्यांना मी गाडी चालवताना नेमके काय दिसत नाही, असे विचारले. त्यांनी दिलेले उत्तर मी त्याच दिवशी टिपून ठेवले. “मॅडम, सिग्नल लांबून दिसतो, पुलावरची पाटी दिसते. पण चाकाजवळ काय आहे ते दिसत नाही. स्कूटरवाला एकदम बाजूला उगवल्यासारखा वाटतो.” दोन्ही डोळ्यांच्या चेता मेंदूकडे जाताना एका चौकात एकमेकींना ओलांडतात, त्याला ऑप्टिक कायझम म्हणतात आणि तो पियुषिकेच्या अगदी वर असतो. गाठ पियुषिकेतूनच उगवून खालून वर ढकलत असेल, तर दृष्टिक्षेत्राचा बाहेरचा वरचा भाग आधी जातो. गाठ कायझमच्या मागून किंवा वरून दाबत असेल, तर बाहेरचा खालचा भाग आधी जातो. बसचालकाला पाटी दिसत होती आणि स्कूटर दिसत नव्हती, म्हणजे दाब बहुधा वरून येत होता. हम्फ्री यंत्रावरील दृष्टिक्षेत्र चाचणीत दोन्ही डोळ्यांच्या बाहेरच्या खालच्या चतुर्थांशात काळे ठिपके दाटलेले होते आणि वरचा भाग बराचसा शाबूत होता. उजव्या डोळ्याची नजर ६/१८ आणि डाव्याची ६/१२ होती.

एमआरआय आमच्या क्ष-किरणतज्ज्ञांनी पुन्हा पाहिला. गाठ २.८ सेंटिमीटरची, भरीव, रंगद्रव्य दिल्यावर एकसारखी उजळणारी होती. तिच्याखाली पियुषिका चपटी झालेली, पण वेगळी दिसत होती. गाठीचा वरचा भाग मेंदूतील तिसऱ्या पोकळीच्या तळात शिरला होता. सीटी स्कॅनमध्ये कॅल्शियमचा एकही कण नव्हता. निदान आता पियुषिकेच्या देठाजवळ उगवणाऱ्या क्रॅनिओफॅरिंजिओमा या गाठीकडे झुकले.

हा ट्यूमर विरळ आहे. दर दहा लाख लोकांमागे वर्षाला साधारण अर्धा ते दोन रुग्ण आढळतात. पेशींच्या हिशोबाने तो कर्करोग नसतो, तरीही मेंदूच्या शस्त्रक्रियेत त्याचा दबदबा मोठा आहे, कारण तो जिथे बसतो तिथल्या हायपोथॅलॅमस या मेंदूच्या भागातून तहान, भूक, झोप, शरीराचे तापमान आणि स्मरणाचा काही भाग चालतो. व्हिएन्नातील याकोब एर्डहाइम यांनी १९०४ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले. पुढे हार्वी कुशिंग यांच्या लेखनामुळे आजचे नाव रूढ झाले. सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे दोन प्रकार बऱ्याच काळापासून माहीत आहेत. ॲडमँटिनोमॅटस प्रकार मुलांत आणि प्रौढांत दोन्हीकडे होतो. त्यात कॅल्शियम साठते, पुटी म्हणजे द्रवाने भरलेल्या पिशव्या होतात आणि त्या पुटींतून यंत्राच्या काळपट तेलासारखा, कोलेस्टेरॉलच्या स्फटिकांनी चमकणारा द्रव निघतो. पॅपिलरी प्रकार जवळजवळ प्रौढांतच होतो, सहसा भरीव असतो आणि त्यात कॅल्शियम क्वचितच असते.

बरीच वर्षे हे दोन एकाच ट्यूमरचे पोटभेद मानले जात होते. २०१४ मध्ये बॉस्टनमधील प्रिसिला ब्रास्तियानोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की पॅपिलरी प्रकारातील जवळपास ९५ टक्के गाठींत बीआरएएफ या जनुकात एकच ठराविक बदल असतो. त्या जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनात सहाशेव्या जागी व्हॅलिनऐवजी ग्लुटामिक आम्ल येते, म्हणून त्याचे नाव व्ही६००ई. एवढ्या एका बदलामुळे पेशीला ‘वाढ’ असा संदेश देणारे बटण दाबलेलेच राहते. ॲडमँटिनोमॅटस गाठींत बहुतांशी वेगळ्या, सीटीएनएनबी१ या जनुकात बदल असतो. त्यामुळे बीटा-कॅटेनिन हे प्रथिन वेळेवर मोडले न जाता काही पेशींच्या केंद्रकात साठते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गीकरणात हे दोन प्रकार स्वतंत्र ट्यूमर म्हणून वेगळे केले गेले. वर्गीकरणाचे कागद बदलले की आमच्या रोजच्या कामात सहसा फारसा फरक पडत नाही, पण येथे पडतो: बीआरएएफचे दाबलेले बटण सोडवणाऱ्या गोळ्या बाजारात आहेत, मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगासाठी त्या आधीपासून वापरल्या जातात. बीटा-कॅटेनिनवर नेमका उपाय करणारे तसे औषध अजून हाती नाही.

आमच्या रुग्णाचे वय, भरीव गाठ, कॅल्शियमचा अभाव आणि पुटी नसणे या सर्व गोष्टी पॅपिलरी प्रकाराकडे बोट दाखवत होत्या. परंतु फोटोवरून प्रकाराचा अंदाज येतो, खात्री होत नाही.

शस्त्रक्रियेआधी माझे काम वेगळेच होते. शरीराला ताण सोसायला लावणारे कॉर्टिसॉल हे हार्मोन सकाळी ३.१ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर, म्हणजे धोकादायकरीत्या कमी होते. थायरॉइडचे टी४ कमी असूनही त्याला हाकणारे टीएसएच सामान्य होते, आणि टेस्टोस्टेरॉन तळाला गेले होते. गेले वर्षभर त्यांना थकवा होता आणि पत्नीच्या शब्दांत “हे आल्या आल्या नुसते आडवे होतात”. घरात तो दोन पाळ्यांच्या नोकरीचा थकवा मानला गेला. अशा वेळी थायरॉइडची गोळी आधी दिली, तर ती शरीरातील उरलेसुरले कॉर्टिसॉल आणखी वेगाने संपवते आणि रुग्ण कोसळू शकतो. म्हणून आधी कॉर्टिसॉलची जागा घेणारे हायड्रोकॉर्टिसोन आणि त्यानंतर थायरॉइडची गोळी, थायरॉक्सिन, हा क्रम आम्ही काटेकोर पाळला. कॅबरगोलिन बंद केले. त्याच दिवशी त्यांना गाडी चालवण्यास मनाई केली. घरापासून आगारापर्यंतची स्वतःची दुचाकीसुद्धा नाही. या मनाईचे दुःख त्यांना गाठीच्या बातमीपेक्षा जास्त झाले, असे माझे निरीक्षण आहे.

शस्त्रक्रिया करायची की नाही, यावर आमच्या बैठकीत मतभेद नव्हते. किती करायची यावर होते. पहिला मार्ग जुना आणि प्रतिष्ठित: गाठ पूर्ण काढा, कारण पूर्ण निघालेली गाठ परत येण्याची शक्यता कमी असते. दुसरा मार्ग नवा: नाकावाटे छोटासा तुकडा घ्या, व्ही६००ई सापडला तर गोळ्यांनी गाठ आकसवा आणि मोठी शस्त्रक्रिया टाळा. या दुसऱ्या मार्गाला २०२३ मध्ये भक्कम आधार मिळाला. अमेरिकेतील एका चाचणीत किरणोपचार न झालेल्या, बीआरएएफ बदल असलेल्या पॅपिलरी गाठींच्या १६ रुग्णांना व्हेम्युराफेनिब आणि कोबिमेटिनिब दिले गेले. त्यांतील १५ जणांत गाठ लक्षणीय आकसली, आणि आकारमानातील घट मध्यकाच्या हिशोबाने ९१ टक्के होती. सोळा ही संख्या लहान आहे, पण एवढ्या विरळ ट्यूमरमध्ये असा परिणाम त्याआधी कोणत्याही गोळीने दिला नव्हता.

दुसरा मार्ग मलाही आवडला असता. अडचण नजरेची होती. नमुना घेणे, तो तपासणे, गोळ्या मिळवणे आणि त्यांचा परिणाम येणे यात आठवडे जातात, आणि ६/१८ ची नजर तेवढी थांबेल याची हमी कोणी दिली नसती. ओसीटी तपासणीत डोळ्याच्या पडद्यावरील चेतातंतूंचा थर अजून जाड होता, म्हणजे चेता दबलेल्या होत्या, मेलेल्या नव्हत्या. दाब लवकर निघाला तर नजर परत येण्याची चांगली शक्यता होती. म्हणून मधला मार्ग ठरला: कायझम मोकळा करायचा, भरपूर नमुना मिळवायचा, आणि हायपोथॅलॅमसला चिकटलेल्या भागाशी झटापट करायची नाही. गटातील ज्येष्ठ शस्त्रक्रियातज्ज्ञांना हे फारसे पटले नव्हते. अर्धवट राहिलेली गाठ पुढच्या वेळी अधिक चिकट होते, हा त्यांचा मुद्दा अनुभवाचा होता आणि तो खोडण्यासारखा नव्हता. त्यांनी शेवटी एवढेच सांगितले, की आत गेल्यावर काय दिसते ते पाहून मी ठरवीन. ते रास्तच होते.

शस्त्रक्रिया नाकातून दुर्बिणीने झाली. कान-नाक-घसा आणि मेंदू-शस्त्रक्रिया असे दोन्ही विभागांचे तज्ज्ञ एकत्र काम करत होते. पियुषिकेच्या खाचेच्या पुढचे हाड घासून वाट रुंद केल्यावर गाठ कायझमच्या खालून आणि मागून दिसू लागली. गाठीचा मधला भाग आधी पोखरून रिकामा केला, मग कडा आतल्या बाजूला पाडत तिला कायझमपासून वेगळे केले. कायझमला रक्त पुरवणाऱ्या बारीक वरच्या पियुषिका-धमन्या एकेक ओळखून जपल्या. देठ गाठीतच विरघळल्यासारखा झाला होता आणि तो वाचवता आला नाही.

या टप्प्यावर गोठवून पाहिलेल्या नमुन्याचा निरोप आला: खवल्यांसारख्या पेशींचे थर, बोटांसारखे उंचवटे, ॲडमँटिनोमॅटस प्रकारात दिसणारे ओले केराटिन कुठेही नाही. विकृतिशास्त्रज्ञांनी ‘पॅपिलरीशी सुसंगत’ असे म्हटले आणि लगेच सावध केले, की अशा छोट्या तुकड्यात राथकेची पुटी, म्हणजे याच जागी होणारी एक साधी पुटी, हीही असेच रूप घेऊ शकते. तिसऱ्या पोकळीच्या डाव्या भिंतीला चिकटलेला गाठीचा भाग ओढून पाहिला, तेव्हा त्याच्याबरोबर मेंदूची ऊतीही हलू लागली. ज्येष्ठ तज्ज्ञ तेथे थांबले. पुढे जाणे त्यांच्या हाताला अशक्य नव्हते. त्यांनीच नंतर मला सांगितले, की दहा वर्षांपूर्वी मी पुढे गेलो असतो. गाठीचा साधारण सातवा हिस्सा मागे राहिला. मांडीतील पातळ पडद्याचा थर आणि त्यावर नाकाच्या पडद्यातील रक्तपुरवठ्यासह उचललेली झाकण-पट्टी लावून वाट बंद केली. अर्जेंटिनातील हदाद आणि बास्सागास्तेगी यांच्या नावाने ओळखली जाणारी ही पट्टी २००६ पासून सर्वत्र रूढ झाली आणि या मार्गाने होणारी मेंदूद्रवाची गळती तिच्यामुळे पुष्कळ कमी झाली. आमच्या रुग्णाला गळती झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी खाटेच्या बाजूला ठेवलेली पाण्याची बाटली मान न वळवता ओळखली. परंतु नजरेच्या आनंदाला लगेच पाण्याच्या हिशोबाने घेरले. अठराव्या तासाला लघवी ताशी ४०० मिलिलिटर होऊ लागली आणि रक्तातील सोडियम सामान्यापेक्षा वर, १४९ वर गेले. देठ गेल्यामुळे शरीरात पाणी राखून ठेवणाऱ्या व्हॅसोप्रेसिनचा पुरवठा तुटला होता. या आजाराचे जुने नाव डायबिटिस इन्सिपिडस. साखरेच्या मधुमेहाशी गल्लत होऊन जीवघेण्या चुका होतात म्हणून २०२२ मध्ये त्याचे नाव ‘आर्जिनिन व्हॅसोप्रेसिन कमतरता’ असे बदलण्याचे सुचवले गेले. व्हॅसोप्रेसिनची जागा घेणारे डेस्मोप्रेसिन दिल्यावर लघवी आटोक्यात आली.

सहाव्या दिवशी चित्र उलटे झाले. तुटलेल्या तंतूंच्या टोकांत साठलेले व्हॅसोप्रेसिन एकदम बाहेर सांडते, तेव्हा शरीर गरजेपेक्षा जास्त पाणी धरून ठेवते. सोडियम १२६ वर आले, त्यांना मळमळ सुरू झाली आणि ते वार विसरू लागले. डेस्मोप्रेसिन थांबवले, दिवसाचे पाणी एक लिटरवर आणले आणि सोडियम हळूहळू, चोवीस तासांत आठ एककांपेक्षा जास्त नाही अशा गतीने, वर येऊ दिले. नवव्या दिवशी साठा संपला आणि भरपूर लघवी पुन्हा सुरू झाली, ती कायमची. हा तीन टप्प्यांचा खेळ आम्हाला अपेक्षित होता. तरी तो निभावला त्यांच्या पत्नीने. प्यायलेले पाणी एका बाजूला आणि मोजपात्रात मोजलेली लघवी दुसऱ्या बाजूला अशी शंभर पानी वही त्यांनी पहिल्या रात्रीपासून ठेवली होती. रात्रपाळीच्या परिचारिका शेवटी त्या वहीवरूनच आपला तक्ता भरू लागल्या.

अंतिम अहवाल बाराव्या दिवशी आला. पॅपिलरी क्रॅनिओफॅरिंजिओमा, बीटा-कॅटेनिन पेशीच्या आवरणावरच, केंद्रकात नाही, बदललेले बीआरएएफ प्रथिन ओळखणाऱ्या व्हीई-१ या प्रतिपिंडाची चाचणी होकारार्थी. व्हीई-१ चा रंग काही वेळा पियुषिकेच्या सामान्य पेशींवर आणि केसांसारखे तंतू असलेल्या रोमक पेशींवरही चढतो, म्हणून केवळ त्यावर विसंबून महिनोन्महिने चालणारे औषध सुरू करणे मला मान्य नव्हते. पीसीआरने डीएनए पातळीवर व्ही६००ई सिद्ध झाल्यावरच पुढचा विचार केला.

तीन महिन्यांनी नजर उजवीकडे ६/९ आणि डावीकडे ६/६ झाली. दृष्टिक्षेत्रात डाव्या बाजूला खाली थोडीशी खोट उरली. उरलेली गाठ ९ मिलिमीटर होती. लगेच किरणोपचार द्यायचे की वाट पाहायची, यावर आम्ही वाट पाहणे निवडले, आणि आज मागे वळून पाहता ते थोडे धीटपणाचे होते, असे मला वाटते. सातव्या महिन्यात गाठ १४ मिलिमीटर होऊन पुन्हा कायझमकडे सरकली.

तेव्हा बीआरएएफ अडवणारे डॅब्राफेनिब १५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा आणि ट्रॅमेटिनिब २ मिलिग्रॅम एकदा असे सुरू केले. दुसरे औषध जोडण्याचे कारण असे, की बीआरएएफ एकटे अडवले तर पेशी त्याच संदेशमार्गावर पुढून वाट काढते. चाचणीत वापरलेली जोडी वेगळी होती. आमच्या रुग्णाला ही जोडी उत्पादकाच्या साहाय्य योजनेतून मिळू शकत होती, आणि हा वापर नोंदणीकृत उपयोगाबाहेरचा आहे हे त्यांना मराठीत लिहून, वाचून दाखवून संमती घेतली. त्याआधी हृदयाची टूडी-इको, डोळ्याच्या पडद्याची आणि त्वचेची तपासणी झाली, कारण ही औषधे तिन्ही ठिकाणी उपद्रव करू शकतात.

अकराव्या दिवशी त्यांना १०२ ताप आला. डॅब्राफेनिबचा ताप प्रसिद्ध आहे आणि मेलॅनोमाच्या रुग्णांत औषध दोन दिवस थांबवून तो सहसा निभतो. परंतु आमच्या रुग्णाच्या शरीराला स्वतःचे कॉर्टिसॉल वाढवता येत नव्हते. निरोगी माणसात ताप आला की कॉर्टिसॉल आपोआप चढते. यांच्याकडे ते गोळीतून येते तेवढेच. शिवाय डॅब्राफेनिब यकृतातील सीवायपी३ए४ हे विकर चेतवते, ज्याचा हायड्रोकॉर्टिसोनच्या विल्हेवाटीत वाटा असतो. ट्यूमरची गोळी देणारा विभाग आणि हार्मोनची गोळी देणारा विभाग वेगळे असले, की नेमक्या या फटीतून रुग्ण खाली पडतो. आम्ही त्यांना आधीच सांगून ठेवले होते: ताप आला की हायड्रोकॉर्टिसोन दुप्पट, उलटी झाली की घरी ठेवलेले १०० मिलिग्रॅमचे इंजेक्शन आणि थेट रुग्णालय. त्या रात्री मुलीने इंजेक्शन दिले. तापात पाणी कमी पडल्याने सोडियम १४७ पर्यंत गेले, तेवढेच. त्यानंतर हायड्रोकॉर्टिसोनचा मूळ डोस थोडा वाढवून, डॅब्राफेनिब कमी मात्रेने पुन्हा सुरू केले आणि ताप परतला नाही.

औषधाच्या चौथ्या महिन्यातील एमआरआयमध्ये डाव्या भिंतीवर केवळ एक पातळ रेघ उजळत होती. औषध थांबवले तर गाठ पुन्हा वाढू शकते आणि आयुष्यभर ही औषधे कोणी घेऊ शकत नाही, म्हणून गाठ सर्वांत लहान असताना किरणोपचार उरकण्याचा निर्णय झाला. खारघरला टाटा मेमोरियल सेंटरच्या ॲक्ट्रेक संस्थेत २०२३ पासून प्रोटॉन किरणोपचार मिळतात. प्रोटॉन ठरलेल्या खोलीवर थांबतात, त्यामुळे पलीकडच्या मेंदूला मार कमी बसतो. तेथील सल्ल्याने ५४ ग्रे मात्रा ३० भागांत दिली गेली. सहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, ते ठाण्याहून पनवेलची ट्रान्स-हार्बर लोकल पकडून खारघरला उतरत होते. १९ वर्षे लोकांना नेल्यावर आता कोणीतरी मला नेत आहे, असे ते एकदा म्हणाले.

अवजड वाहनाचा परवाना त्यांना परत मिळणार नाही. दृष्टिक्षेत्रातील उरलेली खोट त्यासाठी पुरेशी आहे. आगारात ते आता गाड्यांच्या वेळा लावण्याचे काम करतात. हायड्रोकॉर्टिसोन, थायरॉक्सिन, टेस्टोस्टेरॉन आणि डेस्मोप्रेसिन ही चार औषधे कायमची आहेत. एमआरआय दर सहा महिन्यांनी होतो. मागच्या भेटीत वजन ७१ किलो भरले, शस्त्रक्रियेआधी ते ६९ होते. सोडियम १३९ होते. पत्नीने वही आणली नव्हती. का, असे विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, की यांना तहान लागते, लागली की हे स्वतःच पाणी मागतात, मग मी लिहून काय करू.